येसूबायच्या शाळेतला हेरोद

एल्सी मॅकफेल मालवणच्या किनाऱ्यावर शिकवायला आली तेव्हा तिचं मराठी फार शुद्ध होतं, आणि तीच तिची पहिली अडचण ठरली.

ती मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका लहानशा बेटावरची. वडील मच्छीमार, आई बेटावरच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारी. तिथल्या शाळेत काही वर्षं शिकवल्यावर तिनं मिशनकडे आपलं नाव दिलं आणि चौतिसाव्या वर्षी ती हिंदुस्थानात आली. वर्षभर महाबळेश्वरला एका पंडितांपाशी मराठी शिकली. पंडित मोठे काटेकोर. त्यांनी तिच्याकडून व्याकरण घोटून घेतलं आणि शेवटच्या दिवशी म्हणाले, "आता महाराष्ट्रात कुठेही जा, तुमचं अडणार नाही." मग मिशननं तिला खोलबंदरला धाडलं.

खोलबंदर म्हणजे मालवणहून होडीनं खाडी ओलांडली की लागणारं गाव. वाळूच्या पुळणीला लागून गाबीत मच्छीमारांची घरं, मागं माड, त्यामागं भातशेती करणाऱ्यांच्या वाड्या. मिशनची तिथं मुलींची एक कौलारू शाळा होती. आधीच्या बाई आजारी होऊन गेल्या, त्यानंतर दोन वर्षं ती बंदच होती.

पहिल्याच सकाळी एल्सी मासे घ्यायला पुळणीवर गेली. सुभद्रा नावाची एक बाई टोपली घेऊन बसली होती. चाळिशीची, धिप्पाड, बोलताना कमरेवर हात ठेवणारी. एल्सीनं हात जोडून विचारलं, "बाई, हे मत्स्य आजचेच आहेत काय?"

सुभद्रानं शेजारणीकडे पाहिलं. "काय म्हणता गो ही?"

"माशे ताजे आसत काय, इचारता वाटता," शेजारीण म्हणाली.

"ताजे?" सुभद्रानं एक बांगडा उचलून एल्सीच्या नाकासमोर धरला. "हेका इचार."

एल्सीला शब्द कळले नाहीत, पण बांगडा कळला. तिनं त्याचा कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला, डोळा पाहिला आणि मान डोलावली. मग सुभद्राची सुरी मागून घेतली, तिथंच वाळूत बसली आणि तिचे चार बांगडे झरझर साफ करून ठेवले. लहानपणी बेटावर आईबरोबर तिनं हेच काम केलं होतं. भोवती बायका जमल्या.

"तुज्या गावाक समुद्र आसा?" सुभद्रानं विचारलं.

त्यातला 'समुद्र' एल्सीला समजला. ती म्हणाली, "आसा." पंडितांनी न शिकवलेला हा तिचा पहिला शब्द.

"नाव काय तुजां?"

"एल्सी."

"येसू?"

"एल्सी."

"तांच म्हणतंय मी. येसू. माज्या आजयेचां नावय येसूच होतां." आणि त्या दिवसापासून गावाच्या तोंडी ती येसूबाय झाली. प्रभूच्या नावाच्या इतक्या जवळ जाणारं नाव आपल्याला लागावं, याचा तिला सुरुवातीला संकोच वाटला. पण आजीचं नाव कुणी आपल्याला देतं, ते परत कसं करायचं, हे तिला सुचेना. शेवटी तिनं ते घेतलं.

मासे साफ करणारी येसूबाय गावाला आवडली. शाळा मात्र भरेना. वर्ष झालं तरी तिच्यापुढं तीनच मुली बसत होत्या. त्यातली एक सुभद्राची धाकटी लेक तुळसा, आणि तीसुद्धा मासे विकून झाल्यावर, दुपारची. बाकीच्यांच्या आया गोड हसत आणि म्हणत, "धाडतंय हां, पुढच्या म्हयन्यात."

खरी अडचण काय ती परशुराम गावकरांनी सांगितली. गावकर साठीचे, देवळाचे मानकरी. त्यांचा शब्द गावात चाले. एकदा ते स्वतःहून शाळेच्या पायरीवर येऊन बसले. एल्सीशी बोलताना ते जमेल तेवढी पुस्तकी भाषा वापरत.

"बाई, राग मानू नका. तुम्ही बऱ्या आहात. पण लोक भितात. आज अ आ ई, उद्या तुमचो देव. चेडवां, म्हणजे मुली, बाटली तर आम्ही काय करावां?"

एल्सी त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "गावकर, मी खोटं बोलणार नाही. माझा देव मला फार आवडतो. त्याच्यासाठीच मी घर सोडून आले. जो विचारील त्याला मी त्याची गोष्ट सांगेन. जो विचारणार नाही त्याला मी बेरीज-वजाबाकी शिकवीन. फसवून कुणाला काही देणार नाही."

गावकर पायरीवरून उठले. "सरळ बोललात," ते म्हणाले. पण त्यांची नात सावित्री काही शाळेत आली नाही.

दुसऱ्या वर्षी, १९५४च्या मार्गशीर्षात, कोल्हापूरहून निरोप आला. मिशनचे वडीलधारे रेव्हरंड हॉलिडे नाताळला खोलबंदरला येणार होते. तीन मुलींसाठी शाळा चालवावी की नाही, हे ते पाहून ठरवणार होते. एल्सीनं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर रिकाम्या बाकांकडे पाहत उभी राहिली.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. सकाळी ती शाळेचं दार उघडायला गेली, तर दार उघडंच होतं. आत बाकांवर एक सोनेरी मुकुट, दोन तलवारी, एक गदा आणि काळाकुट्ट झगा वाळत टाकला होता. फळ्यावर एक साडी पसरली होती. आणि तिच्या खुर्चीत अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा धुतलेला एक उंचनिंच माणूस हातावर हनुवटी ठेवून झोपला होता.

तिच्या चाहुलीनं तो दचकून उठला. "बाई, माफी करा. पेटारे भिजले. शेजारच्या गावच्या जत्रेतसून इलव. म्हटलां, शाळा रिकामीच आसता."

तो महादू. त्याची दशावताराची मंडळी होती. जत्रांच्या दिवसांत सातआठ जणांचा हा मेळा वेषाचे पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जाई आणि देवळापुढं नाटक करी. महादू राक्षसाचं आणि दुष्ट राजाचं काम करी. त्याची आरोळी ऐकून पोरं आईच्या पदराखाली शिरतात, असं लोक सांगत.

शाळा रिकामी असते, हे त्याचं वाक्य एल्सीला लागलं. पण ती काही बोलायच्या आतच बाहेर गलका झाला. मुकुट आणि गदा खिडकीतून दिसत होती. गावातली झाडून सगळी पोरं खिडक्यांना चिकटली होती. मुली, मुलगे, कडेवर भावंडं घेतलेल्या पोरी. सगळ्यांत पुढं, गजांत नाक खुपसून, गावकरांची सावित्री उभी होती.

एल्सीनं दार सताड उघडलं. "आत या," ती म्हणाली. "पण आत आलात तर बसावं लागेल."

ती सगळी आत आली आणि बसली. त्या सकाळी एल्सीनं मुकुटावरचे मणी दाखवून अंक शिकवले आणि 'गदा' हा शब्द फळ्यावरच्या साडीखाली लिहिला. महादू मागच्या बाकावर बसून अर्धा रंग पुसत ऐकत होता. पोरं गेल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमका गोष्ट सांगूक येता. तुमी आमच्यात येवा."

एल्सी हसली. मग तिच्या मनात एकदम काही आलं. "महादू, मी एक गोष्ट सांगितली तर तुम्ही तिचं नाटक कराल?"

"करतलंव. पण पाठ करूक सांगू नुको. आमका पाठ करूची सवय नाय. गोष्ट एकदा पोटात गेली की शब्द आपसूक तोंडात येतत."

मंडळी भोवती बसली आणि तिनं त्यांना नाताळची गोष्ट सांगितली. मरिया आणि तिचा नवरा योसेफ सुतार, त्यांना धर्मशाळेत जागा न मिळणं, गोठ्यात झालेला मुलगा, रानात धनगरांना दिसलेला, 'भिऊ नका, मी चांगली बातमी आणली आहे' म्हणणारा देवदूत, दूर देशाहून ताऱ्यामागं चालत आलेले ज्ञानी, आणि आपली गादी जाईल म्हणून त्या बाळाला मारायला निघालेला हेरोद राजा.

"म्हणजे कंसच तो," महादू म्हणाला. त्याचे डोळे चमकले होते. "राजा माका. लढाय कदी?"

"लढाई नाही. बाळाला घेऊन आईबाप मिसर देशात निघून जातात."

"मगे राजाक मारता कोण?"

"कुणी नाही. तो म्हातारा होऊन मरतो."

महादूनं सावकाश मान हलवली. "बाई, राजा म्हातारो होवन मेलो तर लोक उठान घराक जातले. लढाय व्हयी."

"पुस्तकात लढाई नाही, महादू. जे नाही ते मी कसं घालू?"

"बरां," तो नाइलाजानं म्हणाला. "नाय तर नाय."

ठरलं. मंडळीनं आसपासच्या जत्रा करत दिवसा शाळेत तालीम करायची आणि नाताळच्या दिवशी नाटक दुपारी करायचं, कारण रात्री मंडळीला जत्रेला जायचं होतं आणि पाहुण्यांना संध्याकाळच्या भरतीला होडी गाठायची होती. दिवसाढवळ्या दशावतार कुणी ऐकला नव्हता. महादू म्हणाला, "उन्हात रंग लावून उबो रवतलंय, लोकांका हाडां दिसतली." पण त्यालाही मजा वाटत होती.

मरियेचं काम धोंडू करणार होता. तो मंडळीतला स्त्रीपार्टी, नाजूक बांध्याचा, पदर असा सावरायचा की बायका त्याच्याकडून शिकत. देवदूत मात्र आपल्या शाळेतली मुलगी असावी, असं एल्सीला वाटत होतं. आणि ते काम सावित्रीनं आधीच घेऊन टाकलं होतं. पहिल्या सकाळपासून ती रोज शाळेत येत होती. घरी कुणाला विचारलं होतं की नाही, हे एल्सीनं तिला विचारलं, तेव्हा ती पाटीकडे पाहू लागली.

त्या दुपारी एल्सी गावकरांच्या अंगणात गेली. गावकर सुपाऱ्या सोलत होते.

"माका ठावक आसा," तिनं तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले. पुस्तकी भाषा आज ते विसरले होते. "चेडू रोज भात पाखडता पाखडता म्हणता, भिया नको, मी बरी बातमी हाडलंय. कोंबड्यांका सांगता. पण नाटकात बायल माणूस नाचत नाय. आमच्यात पद्धत नाय."

"नाचायचं नाही. उभं राहून दोन वाक्यं बोलायची."

"गोष्ट काय ती माका कळाक व्हयी."

"मग तालमीला या. ऐका. नको वाटलं तर नातीला हात धरून घेऊन जा."

गावकर तालमीला आले. पहिल्या दिवशी दाराशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी महादूला म्हणाले, "राजा असो येता रे? चोरासारखो? पावलाक वजन व्हया." तरुणपणी ते प्रत्येक जत्रेत पुढच्या रांगेत बसून नाटक पाहत, हे महादूला ठाऊक होतं. त्यानं मुकाट्यानं पुन्हा येऊन दाखवलं. योसेफ आणि मरिया दारोदार जागा मागतात आणि सगळे नाही म्हणतात, तो भाग चालू असताना गावकर एकदम पुटपुटले, "दिवस गेलल्या बायलेक दारातसून घालवतत. काय माणसां म्हणूची ही." आणि त्यांनी डोळे पुसले.

तालीम संपल्यावर ते एल्सीला म्हणाले, "बाई, आमच्या कृष्णाचीच ही गोष्ट. बाप पोराक उचलून नदीपलीकडे नेता, तशीच."

एल्सीसाठी ती तशीच गोष्ट नव्हती. हॉलिडेसाहेब इथं असते तर त्यांनी दोहोंतला फरक नीट समजावला असता. पण समोरच्या म्हाताऱ्यानं त्या बाळाला आपल्या घरातल्या सर्वांत लाडक्या देवाशेजारी नेऊन बसवलं होतं. याहून चांगली जागा त्याच्यापाशी नव्हती. तिला मनापासून आनंद झाला, आणि तो तिनं लपवला नाही.

"सावित्री बोलेल ना?" तिनं विचारलं.

"बोलात. पण एकटी नाय. मी वांगडा रवतंय. ते धनगर कोण म्हणालात? त्यातलो एक मी. घोंगडी माजी आसाच."

नाताळच्या सकाळी एल्सीनं शाळेतच प्रार्थना केली. सुभद्रा आणि बायकांनी माडाच्या झावळांचा मांडव घातला. कुणी झेंडूच्या माळा आणल्या. रेव्हरंड हॉलिडे अकराच्या सुमाराला होडीतून उतरले. साठीचे, सडसडीत, पांढऱ्या दाढीचे. तीस वर्षं या देशात काढलेले. त्यांचं मराठी पंडितांनाही लाजवील असं होतं. त्यांना घ्यायला होडीपाशी पोरं धावली आणि ओरडत निघाली, "येसूबाय, साहेब इलो."

साहेब थबकले. "ही मुलं तुम्हाला काय म्हणतात?"

"त्यांना एल्सी म्हणता येत नाही," ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

साहेब आत शिरले. शाळा पाहिली, हजेरी पाहिली, मांडवाकडे पाहिलं. रंग लावत बसलेल्या महादूकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "हे काय आहे, मिस मॅकफेल?"

"आपल्या जन्मोत्सवाचं नाटक, साहेब."

"आणि हा काळा झगा?"

"हेरोद."

साहेबांनी खुर्ची घेतली आणि छडी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले.

दोन वाजता पखवाज घुमला. सगळं गाव आलं होतं. पलीकडच्या वाड्यांतूनही माणसं आली होती. हेरोदाचं सिंहासन म्हणजे शाळेचं बाक. धोंडूची मरिया दारोदार फिरली, तेव्हा बायका मोठ्यानं सांगू लागल्या, "आमच्याकडे ये गो बाय, आमच्या पडवीत जागा आसा." मग रानात धनगर आले. गावकर घोंगडी पांघरून काठी टेकत आले आणि लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की ते बसायचंच विसरले. सावित्री पांढरं परकर-पोलकं घालून खुर्चीवर चढली. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. घोंगडीतून गावकर हळूच म्हणाले, "कोंबड्यांका सांगतंस तसां सांग."

सावित्रीनं श्वास घेतला. "भिया नको," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी बरी बातमी हाडलंय. सगळ्यांसाठी हाडलंय."

एल्सीनं नकळत साहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नव्हता.

इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं चाललं. गोठ्यातलं बाळ म्हणून सुभद्राचा नातू, आठ महिन्यांचा बाळा, धोंडूच्या मांडीवर दिला होता. ज्ञानी लोक येऊन नारळ ठेवून गेले. आता योसेफानं उठायचं आणि बाळाला घेऊन मिसरच्या वाटेला लागायचं, आणि मागून हेरोदानं मोकळ्या गोठ्यात येऊन हात चोळायचे, एवढंच उरलं होतं.

पण महादू आधीच आला. पखवाजवाल्याकडे त्यानं नुसतं पाहिलं आणि पखवाज लढाईच्या ठेक्यात वाजू लागला. काळा झगा, कानापर्यंत पिळलेल्या मिशा, हातात नंगी तलवार. पावलाला असं वजन की मांडव हलला. "खंय आसा तो पोर?" त्यानं आरोळी दिली. "माजी गादी घेवक इललो तो खंय आसा?"

पोरं आयांच्या कुशीत शिरली. एल्सी उभी राहिली. "महादू," ती म्हणाली, पण पखवाजात कुणाला ऐकू जाणार? धोंडू बिचारा बाळाला घेऊन कोपऱ्यात सरकला. महादूनं तीन गिरक्या घेतल्या, तलवार डोक्यावर फिरवली आणि गुडघ्यावर येऊन आपला रंगवलेला भयंकर चेहरा बाळासमोर आणला.

बाळा रडला नाही. त्यानं त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात पुढं करून हेरोदाची मिशी धरली आणि ओढली. मिशी सुटून त्याच्या मुठीत आली.

पखवाज थांबला. महादू ओठावर हात ठेवून तसाच बसून राहिला. पण तो आयुष्यभर पाठ न करता बोललेला माणूस होता. तो हळूहळू मागं सरकला, तलवार जमिनीवर ठेवली आणि लोकांकडे वळला.

"आयकलास?" तो म्हणाला. आवाज आता राजाचा नव्हता, साधा होता. "हजार सैन्य माज्या अंगाक लागूक शकला नाय. ह्या पोरान नुसतो हात लायल्यान आणि माजी राजाची मिशी गेली. तलवार नाय, सैन्य नाय, दात पण नाय अजून. मगे मोठो झाल्यार हो काय करतलो?" आणि पाठ न दाखवता, हात जोडून, एकेक पाऊल मागं टाकत तो मांडवाबाहेर गेला.

लोक आधी हसले, मग हसता हसता टाळ्या वाजवू लागले. सुभद्रा तर उभी राहून सगळ्यांना सांगत होती की तो आपला नातू. बाळा मिशी चोखत होता. गावकर घोंगडीत तोंड लपवून हसत होते. एल्सीच्याही डोळ्यांत हसून पाणी आलं. मग तिला साहेबांची आठवण झाली आणि ती त्यांच्याकडे गेली.

"हे मत्तयाच्या शुभवर्तमानात नाही, मिस मॅकफेल," ते म्हणाले.

"नाही, साहेब. मी त्याला सांगितलं होतं."

साहेब उठले. होडीची वेळ झाली होती. एल्सी त्यांच्यामागून पुळणीकडे चालू लागली. आपली शाळा गेली, असं तिला वाटत होतं. तरी आश्चर्य म्हणजे तिचं मन खिन्न होत नव्हतं.

वाटेत सुभद्रानं साहेबांना अडवलं. बरोबर आणखी चारपाच बायका, दोन गाबीत, घोंगडीसकट गावकर. सुभद्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, त्या पोराचां पुढे काय झालां?"

"कोणत्या पोराचं?"

"गोठ्यातल्या. मिसरात गेलो, मगे परत इलो काय? आवस-बापूस बरी होती? राजा मेल्यार तेका गादी गावली?"

"येसूबाय सांगात. पण तुमी मोठे. तुमी सांगा," गावकर म्हणाले.

साहेबांनी होडीकडे पाहिलं. खाडीचं पाणी ओसरायला लागलं होतं. होडीवाला हाका मारत होता. मग त्यांनी छडी वाळूत रोवली, एका उलट्या घातलेल्या होडीच्या बुडावर बसले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांचं शुद्ध मराठी लोकांना निम्मं कळेना, तेव्हा ते एल्सीकडे पाहत आणि ती मालवणीत सांगे. मुलगा नाझरेथला परतला. सुतारकाम शिकला. मग बापाचं दुकान सोडून गावोगाव चालत गेला आणि लोकांना गोष्टी सांगू लागला.

"महादूसारखो," कुणीतरी म्हणालं.

"होय," साहेब म्हणाले. "पुष्कळसा तसाच."

होडी गेली. ओहोटीत दुसरी मिळणार नव्हती. साहेबांनी त्या संध्याकाळी सुभद्राच्या घरी भात आणि बांगड्याची आमटी खाल्ली. कपाळावर घाम आला तरी दुसऱ्यांदा आमटी मागितली. जेवण झाल्यावर अंगणात ते एल्सीला म्हणाले, "मी तीस वर्षं या देशात रस्त्यांवर उभा राहून बोललो. लोक थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. पुढं काय झालं, असं मला कुणी आजपर्यंत विचारलं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "आता किती मुली येतात म्हणालात?"

"एकोणीस."

"दुसरी शिक्षिका मी एवढ्यात देऊ शकणार नाही."

"मी पुरेन, साहेब," एल्सी म्हणाली.

ती पुरली. पुढची दहा वर्षं ती एकटीच पुरली. त्या गावात कुणी बाटलं नाही, आणि तिच्या देवाबद्दल विचारायचंही कुणी थांबलं नाही. महादूची मंडळी दर नाताळला येत राहिली. लढाई नाटकात कायमची राहिली, आणि बाळाचं काम आपल्या पोराला मिळावं म्हणून बायका दिवाळीपासून सुभद्राकडे वशिला लावू लागल्या. साठ साली शाळेला कुलूप लावून एल्सी सहा महिन्यांच्या रजेवर आपल्या बेटावर गेली. तिथल्या चर्चमध्ये लोकांनी तिला हिंदुस्थानाबद्दल बोलायला सांगितलं. तिनं भाषण तयार केलं होतं. पण बोलता बोलता ते बाजूला ठेवून तिनं त्यांना हेरोद राजाची चाल करून दाखवली. तिचे ऐंशी वर्षांचे वडील पहिल्या बाकावर बसून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. रजा संपायच्या आधीच ती परत आली.

सावित्री सातवीची फायनल पास झाली आणि रत्नागिरीला ट्रेनिंग कॉलेजात गेली. चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर ती खोलबंदरच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी ती एल्सीला म्हणाली, "बाई, आज तुम्ही सुट्टी घ्या. मला तुमच्यासमोर शिकवायला लाज वाटते."

खोलबंदरला इतक्या वर्षांत एल्सीला शाळेच्या वेळात मोकळी सकाळ अशी माहीतच नव्हती. काय करावं ते सुचेना, म्हणून ती पुळणीवर गेली. रापण ओढायचं चालू होतं. होडीनं समुद्रात गोल टाकून आलेल्या मोठ्या जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन रांगांनी माणसं खेचत होती. सुभद्रा एका दोराला होती. आता केस पिकले होते, पण आवाज तोच.

"काय गो येसूबाय, शाळा खंय?"

"सावित्रीन घेतल्यान. माका हाकलल्यान."

"मगे उबी कित्याक? धर दोर."

एल्सीनं चपला काढून बाजूला ठेवल्या, गावातल्या बायकांसारखं नेसलेलं लुगडं वर खोचलं आणि सुभद्राच्या मागं दोर धरला. दोर ओला आणि खरखरीत होता. तळहात पोळले. पुढचा माणूस तालात ओरडे आणि सगळे मागं झुकत. उन्हं वर येईपर्यंत जाळं उथळ पाण्यात आलं. आत चांदी उसळत होती. पेडवे, बांगडे, मध्येच एखादा मोठा सरंगा. पोरं पाण्यात उड्या मारू लागली.

रापण ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. वाटे घालणारा म्हातारा एकेकाचं नाव घेत वाळूत ढीग मांडत होता. एल्सी चपला शोधत होती, तेवढ्यात त्यानं हाक दिली, "येसूबाय, तुजो वाटो."

तिनं पदर पसरला. त्यानं तो भरला. आणि पदराचा ओला भार दोन्ही हातांनी सावरत, हसत, ती माडांतून घराकडे निघाली.